मामाने आणलेली पेस्ट

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो की माझी दोन कामं ठरलेली असतात. एक, आकाशकंदिलाची वायर जोडणे (मी केमिकलचा आहे, इलेक्ट्रिकलचा नाही, हे घरच्यांना अजून पटलेलं नाही) आणि दुसरं, ताईच्या ओवीला सांभाळणे. ओवी साडेतीन वर्षांची. गेल्या दिवाळीत ती माझ्या मांडीवर बसून चकली खात होती. मध्येच तोंड वर करून हसली आणि तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांवर, अगदी हिरडीला लागून, मला दोन पांढरे पट्टे दिसले. खडूने ओढावेत तसे.

मी ताईला विचारलं, "अगं, हिच्या दातांना काय झालंय?"

"दूध लागलं असेल रे," ताई म्हणाली.

आजीने चष्मा सावरून पाहिलं आणि निकाल दिला, "दात पांढरा हाय तर त्यात वाईट काय? काळा पडला तर बघू."

आजीचा मुद्दा तसा बिनतोड होता. दात काळा पडला म्हणजे किडला, खड्डा पडला की डॉक्टर, ही आपल्या सगळ्यांच्या डोक्यातली कीड. पांढऱ्या डागाला कोण घाबरणार? पण ते पट्टे बोटाने पुसले तरी जाईनात, म्हणून भाऊबीज झाल्यावर ताई, ओवी आणि मी गावातल्या डेंटिस्टकडे गेलो. मॅडमनी ओवीला खुर्चीत बसवलं, हवेच्या नळीने तिचे दात फुर्रकन कोरडे केले आणि आरसा धरून आम्हाला दाखवलं. कोरडे झाल्यावर पट्टे अजूनच पांढरेफटक दिसायला लागले. शिवाय बाजूच्या दातावर एक नवीनच पट्टा उगवला, जो ओल्या दातावर दिसतच नव्हता!

"ही कीड आहे," मॅडम म्हणाल्या. "पण खड्डा पडलेला नाहीये अजून. वेळेवर आलात."

"म्हणजे आत्ताच भरून टाकायचं का?" ताई घाबरली होती.

"भरायला खड्डा तरी हवा ना, ताई! हे परत फिरू शकतं. पेस्ट कोणती वापरता हिला?"

इथे ताईचा चेहरा एकदम उजळला. तिने पर्समधून ट्यूब काढली (मॅडमनी फोनवरच आणायला सांगितली होती) आणि अभिमानाने म्हणाली, "हिच्या मामाने आणलीय, पुण्याहून. स्ट्रॉबेरी फ्लेवर आहे. गिळली तरी चालते."

मॅडमनी ट्यूब उलटी केली, मागचं बारीक अक्षरातलं वाचलं आणि म्हणाल्या, "यात फ्लोराइडच नाहीये." मग माझ्याकडे वळून, "मामा काय करतात?"

"केमिकल इंजिनिअरिंग. थर्ड इयर."

"अस्सं," मॅडम म्हणाल्या.

मित्रांनो, आजवर तीन एक्स्टर्नलसमोर माझी दांडी उडालेली आहे, पण त्या "अस्सं"ची सर कुणालाच नाही. सव्वा वर्ष मी दर सुट्टीला ती महागडी ट्यूब नेत होतो. कारण काय, तर तिच्यावर ससा होता आणि ‘फ्लोराइड-फ्री’ हे शब्द ‘शुगर-फ्री’सारखे काहीतरी चांगलेच वाटले होते. हॉस्टेलवर परत आल्यावर, सबमिशन बाजूला ठेवून, मी आधी हा विषय वाचून काढला. त्यातून जे हाती लागलं ते खाली देतोय. वाचकांपैकी जे मामा, काका, आत्या, मावशी असतील त्यांच्यासाठी.

आधी दाताचं केमिस्ट्री. दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, बाकी थोडं पाणी आणि किंचित प्रथिनं. खनिजाचं नाव हायड्रॉक्सीॲपेटाइट: दहा कॅल्शियम, सहा फॉस्फेट आणि दोन हायड्रॉक्सिल. फर्स्ट इयरला आपण ‘सॉल्युबिलिटी प्रॉडक्ट’ नावाचा धडा घोकला आणि परीक्षा झाल्याबरोबर विसरलो, तो धडा चोवीस तास आपल्या तोंडात चालू असतो. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट पुरेसं विरघळलेलं असतं, इतकं की साधारण पीएचला दात विरघळण्याऐवजी त्याच्यावर खनिज बसण्याकडेच कल असतो. पण आम्ल वाढलं की हायड्रोजन आयन हे हायड्रॉक्सिल आणि फॉस्फेटला पकडतात, समतोल उलट्या बाजूला सरकतो (ल शातेलिए साहेबांना नमस्कार) आणि इनॅमल विरघळायला लागतं. ही सीमारेषा साधारण ५.५ पीएचला येते.

आम्ल आणतं कोण? दातांवर जो चिकट थर बसतो, सकाळी जिभेला बुळबुळीत लागतो तो, त्यात जीवाणूंची वस्ती असते. त्यातला बदनाम झालेला म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. साखर मिळाली की हे लोक तिचं लॅक्टिक ॲसिड करतात, आणि त्याच साखरेपासून स्वतःला दातावर चिकटवून घ्यायचा डिंकही बनवतात. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने लोकांना ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावून या थरातला पीएच बारीक इलेक्ट्रोडने मोजला. काही मिनिटांत पीएच धाडकन खाली येतो आणि पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास घेतो. हा ‘स्टीफन कर्व्ह’ डेंटलच्या मुलांना आपल्या स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हसारखाच पाठ असतो.

हा कर्व्ह बघितला की एक गोष्ट इंजिनिअरच्या लगेच लक्षात येईल. महत्त्व आहे ते रेषेखाली घालवलेल्या वेळाला. एका बैठकीत चार पेढे खाल्ले तर पीएच एकदा खाली जाऊन वर येईल. तेच चार पेढे दिवसभर तासातासाने चघळले तर तो वर यायलाच मिळणार नाही. साखर किती यापेक्षा किती वेळा, हा हिशोब.

आणि इथे आमच्या घरातलं दुसरं पाप उघडं पडलं. ओवी रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपायची. झोपेत लाळ जवळजवळ आटते, म्हणजे आम्ल धुऊन नेणारं आणि खनिज परत आणणारं कुणीच नाही, आणि दूध वरच्या पुढच्या दातांपाशी साचलेलं. खालच्या पुढच्या दातांवर जीभ येते, जवळच लाळेच्या ग्रंथींची तोंडं असतात, म्हणून ते वाचतात. ओवीचे खालचे दात ठणठणीत होते. मॅडमनी वरच्या दातांकडे बघूनच विचारलं होतं, "रात्री बाटली असते का हो?" ताईला वाटलं, मॅडमना ज्योतिष येतं!

आता पांढऱ्या रंगाचं कोडं. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. आम्ल वरून दात खरवडत जात नाही. वरचा पातळ थर बराचसा शाबूत राहतो आणि त्याच्या खालून खनिज निघून जातं, म्हणजे आत सूक्ष्म पोकळ्या होतात. धड इनॅमलचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स १.६२, त्यातून प्रकाश आरपार जातो. पोकळ्यांत पाणी भरलं की तिथे १.३३ आणि हवा भरली की १. फरक जेवढा मोठा तेवढा प्रकाश जास्त विखुरतो, आणि विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढरा दिसतो. मीठ, बर्फाचा चुरा, फेस, सगळे पांढरे दिसतात ते याच कारणाने. मॅडमनी दात कोरडा केला तेव्हा पोकळ्यांतलं पाणी जाऊन हवा आली, १.३३ चे १ झाले आणि लपलेला डाग वर आला. जो डाग ओल्या दातावरही दिसतो तो जुना आणि खोल, जो फक्त कोरड्यावर दिसतो तो नवीन. एवढ्या साध्या फिजिक्सवर निदान!

वरचा थर शाबूत आहे तोवर आतली पडझड दुरुस्त होऊ शकते, कारण कॅल्शियम आणि फॉस्फेट त्या थरातून आत झिरपू शकतात आणि आतल्या अर्धवट विरघळलेल्या स्फटिकांवर बसू शकतात. एकदा तो थर कोसळला, खड्डा पडला, की जीवाणू आत तळ ठोकतात आणि मग पेस्टच्या बापालाही ते भरून काढता येत नाही. म्हणून आजीचं "काळा पडला तर बघू" हे नेमकं उलटं आहे. काही करण्याजोगं असतं ते पांढरा असतानाच. दुधाच्या दातांचं इनॅमल पातळ असतं, त्यामुळे पांढऱ्यापासून खड्ड्यापर्यंतचा प्रवास लवकर होतो. "दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत" म्हणून सोडून द्यावं, तर दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चौथीत असताना माझी दुधाची दाढ अशीच सोडून दिली होती. गालाला लिंबाएवढी सूज आली, आठ दिवस शाळा बुडाली आणि शेवटी दाढ काढावी लागली. ती खुर्ची मला अजून स्वप्नात दिसते.

तर या दुरुस्तीत फ्लोराइड काय करतं? त्याआधी थोडा इतिहास, कारण तो एखाद्या रहस्यकथेसारखा आहे.

१९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात दवाखाना टाकायला गेला. गावातल्या कितीतरी लोकांच्या दातांवर तपकिरी डाग. कारण कुणालाच ठाऊक नाही. वर्षानुवर्षं तो त्याच्या मागे लागला आणि त्याला आढळलं की हे दात दिसायला वाईट, पण किडत मात्र कमी. पुढे आर्कान्सामधल्या बॉक्साइट या गावातही तसेच दात सापडले. हे गाव ॲल्युमिनियम कंपनीचं. ॲल्युमिनियमची भांडी बदनाम होतील या धास्तीने कंपनीचे मुख्य केमिस्ट एच. व्ही. चर्चिल यांनी १९३१ मध्ये तिथलं पाणी तपासलं आणि त्यात भरपूर फ्लोराइड निघालं. ट्रेंडली डीन यांनी मग गावोगावच्या पाण्यातलं फ्लोराइड आणि मुलांचे दात यांची सांगड घातली. साधारण १ पीपीएमला डाग फारसे पडत नाहीत आणि कीड कमी होते असं त्यांना दिसलं. १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने मुद्दाम नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली.

हे मी रूमवर मोठ्याने वाचून दाखवत होतो तेव्हा माझा रूममेट एकदम म्हणाला, "अबे, ते कोलोरॅडोचे लोक म्हणजे आमचंच गाव आहे ना बे!" तो चंद्रपूरकडचा. त्याच्या दातांवर तपकिरी डाग आहेत आणि फर्स्ट इयरला आम्ही सगळ्यांनी तो गुटखा खातो असं गृहीत धरलं होतं. तो बिचारा सुपारीसुद्धा खात नाही. चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांत अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. त्याहून बरंच जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दातांवर डाग येतात आणि प्रमाण फारच असेल तर हाडं-सांधेही आखडतात. तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड काढायची ‘नालगोंडा’ पद्धत आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ने काढलेली आहे. सिव्हिलवाल्यांना ती सिलॅबसमध्ये असते.

सांगायचं कारण असं की ‘फ्लोराइड विष आहे’ असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. माझ्या रूममेटचे दात हा पुरावा आहे. पण ते विष आहे की औषध, हे पोटात किती जातं यावर ठरतं. पेस्टच्या बाबतीत तर ते पोटात जायचंच नाहीये.

बरीच वर्षं तज्ज्ञांनाही वाटायचं की फ्लोराइड पोटातून रक्तात, रक्तातून बनत्या दातात जातं आणि दात कायमचा पक्का करतं. या समजुतीला एका मजेशीर प्रयोगाने धक्का दिला. शार्क माशाच्या दाताचं कवच जवळजवळ शुद्ध फ्लोरॲपेटाइटचं असतं, म्हणजे हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड बसलेलं. फ्लोराइडने दात पक्का व्हायचा असेल तर याहून पक्का दात नाही. १९८८ मध्ये ब्यॉर्न ओगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शार्कच्या दाताचे तुकडे माणसाच्या तोंडात बसवून, त्यांच्यावर जीवाणूंचा थर साचू देऊन पाहिलं. शार्कच्या दातालासुद्धा कीड लागली! माणसाच्या दातापेक्षा कमी, पण लागली.

म्हणजे दाताच्या आत कोंडलेल्या फ्लोराइडवर फार भिस्त ठेवता येत नाही. खरं काम करतं ते बाहेर, दाताभोवतीच्या ओलाव्यात तरंगणारं थोडंसं फ्लोराइड. आम्लामुळे पीएच ५.५ च्या खाली गेला की हायड्रॉक्सीॲपेटाइट विरघळायला लागतं, पण फ्लोरॲपेटाइटची सीमारेषा ४.५ च्या आसपास आहे. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात एक गंमत होते. एका बाजूने खनिज सुटत असतं आणि आजूबाजूला फ्लोराइड असेल तर तेच कॅल्शियम-फॉस्फेट त्याला सोबत घेऊन परत स्फटिकावर बसत असतं. नव्याने बसलेलं खनिज आधीच्यापेक्षा आम्लाला जास्त दाद देत नाही. शिवाय ब्रश केल्यावर दातावर आणि त्या चिकट थरात कॅल्शियम फ्लोराइडचे अतिसूक्ष्म कण बसतात. पीएच खाली गेला की ते विरघळून फ्लोराइड सोडतात. म्हणजे गरज पडली की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह, सेन्सर नाही, कंट्रोलर नाही. आमच्या प्रोसेस कंट्रोलच्या सरांना हे दाखवायला हवं.

पण हा साठा काही तासांत संपतो. म्हणून दिवसातून दोनदा. आणि त्यातलं रात्रीचं ब्रशिंग जास्त मोलाचं, कारण रात्री लाळ नसते.

आता खुद्द पेस्टकडे येऊ, म्हणजे आपल्या ब्रँचच्या प्रांतात. पेस्टमध्ये घासायला काहीतरी बारीक पूड लागते: खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, नाहीतर सिलिका. ओलावा टिकवायला सॉर्बिटॉल किंवा ग्लिसरीन, घट्टपणाला गोंदासारखं काही, फेसाला सोडियम लॉरिल सल्फेट, गोडव्याला सॅकरिन, मग वास आणि रंग. फेसाने दात स्वच्छ होतात ही आपली ठाम समजूत, पण कीड परतवण्याशी त्या फेसाचं काही देणंघेणं नाही.

फ्लोराइड टाकायचं तर सगळ्यात सोपं सोडियम फ्लोराइड. पण ते खडूच्या पेस्टमध्ये टाकलं की ट्यूबमध्येच कॅल्शियम त्याला पकडतं, कॅल्शियम फ्लोराइड होऊन बसतं आणि दातापर्यंत कामाचं फ्लोराइड पोचतच नाही. सुरुवातीच्या काळात यावरच गाडी अडली होती. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात जोसेफ मुहलर यांच्या गटाने स्टॅनस फ्लोराइड आणि त्याच्याशी न भांडणारी कॅल्शियम पायरोफॉस्फेटची पूड ही जोडी जमवली, आणि १९५५ मध्ये ‘क्रेस्ट’ बाजारात आली. १९६० मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने तिला मान्यता दिली. खडूवाल्यांसाठी दुसरी युक्ती निघाली, सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट. यात फ्लोराइड फॉस्फेटला घट्ट बांधलेलं असतं, त्यामुळे ट्यूबमध्ये ते खडूच्या हाती लागत नाही. तोंडात आल्यावर लाळेतली आणि जीवाणूंची एन्झाइम्स ती गाठ सोडतात. आपल्याकडच्या पांढऱ्या, खडूच्या पेस्टवर हेच लांबलचक नाव असतं, आणि सिलिकाच्या पारदर्शक जेलवर बहुधा सोडियम फ्लोराइड. आता घरातल्या ट्यूब उलट्या करून बघा.

ट्यूबवर टक्के दिले असतील तर हिशोब सोपा आहे. मोनोफ्लुरोफॉस्फेटचं रेणूभार १४४, त्यात फ्लोरिन १९, म्हणजे १३.२ टक्के. ०.७६ टक्के मोनोफ्लुरोफॉस्फेट म्हणजे बरोबर १००० पीपीएम फ्लोराइड. सोडियम फ्लोराइडचा रेणूभार ४२, म्हणून त्याचे ०.२२ टक्केच पुरतात. हा १००० चा आकडा लक्षात ठेवायचा, कारण भारतात टूथपेस्टमधल्या फ्लोराइडची कमाल मर्यादाही तीच आहे आणि कीड रोखण्याचा भक्कम पुरावाही साधारण १००० च्या पुढेच मिळतो. २००३ मध्ये कोक्रेन या संस्थेने अशा ७० चाचण्या एकत्र करून पाहिल्या, मुलं ४२ हजारांहून जास्त. फ्लोराइडच्या पेस्टने घासणाऱ्या मुलांमध्ये, बिनफ्लोराइडच्या पेस्टने घासणाऱ्यांपेक्षा, कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी. लक्षात घ्या, घासत दोघंही होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्टला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. आणि मी भाचीसाठी त्या औषधातून नेमकं औषधच काढून टाकलेलं विकत आणत होतो, वर दुप्पट पैसे देऊन.

मग "मूल पेस्ट गिळतं त्याचं काय?" हा ताईचा प्रश्न. पुन्हा हिशोब. १००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅमला १ मिलिग्रॅम. जाहिरातीत ब्रशवर जी लाट काढतात ती सहज ग्रॅमभर भरते. वाटाण्याएवढी पेस्ट पाव ग्रॅमच्या आसपास, आणि तांदळाच्या दाण्याएवढी त्याच्याही निम्म्याहून कमी. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, आणि पेस्ट ब्रशवर लावायची ती मोठ्या माणसाने. एवढी थोडी गिळली गेली तरी काळजी नाही. पण सहाव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत कायमचे दात घडत असतात, म्हणून रोज ग्रॅमभर गिळू देणं वाईट. पेस्ट तीच, मात्रा कमी, एवढाच उपाय आहे. (चंद्रपूरसारख्या पाण्याच्या गावात असाल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.)

आणि एक सवय मला स्वतःलाही मोडावी लागली. घासून झालं की आपण खळखळून चार चुळा भरतो. त्यात ते सगळं फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. फेस थुंकून टाकायचा आणि तसंच झोपायचं. हॉस्टेलवर पहिल्या रात्री मला ते पाप केल्यासारखं वाटलं होतं.

फ्लोराइडशिवाय दुसरं काही नाही का? आहे. जपानमध्ये हायड्रॉक्सीॲपेटाइटच, अगदी सूक्ष्म कणांचं, पेस्टमध्ये घालतात आणि १९९३ मध्ये तिथे त्याला कीडरोधक म्हणून मान्यताही मिळाली. मेलबर्नचे एरिक रेनॉल्ड्स यांनी दुधातल्या केसीन प्रथिनाच्या तुकड्यांनी कॅल्शियम-फॉस्फेट धरून ठेवणारं मिश्रण काढलं, ते क्रीम डेंटिस्ट लोक देतात (दुधाची ॲलर्जी असलेल्याला चालत नाही). दोन्ही आशादायक, पण फ्लोराइडइतक्या वर्षांचा आणि इतक्या मुलांचा पुरावा त्यांच्यामागे अजून उभा नाही. झायलिटॉल जीवाणूंना पचत नाही, एवढा त्याचा फायदा. लवंग, मीठ, कोळसा यांच्याबद्दल जाहिराती काहीही म्हणोत, विरघळलेलं खनिज परत बसवायचं काम त्यांचं नाही.

आजीचा मुद्दा इथे आलाच. "आमी राखुंडीनं दात घासलं, आमचं कुठं किडलं?" आजीच्या लहानपणी बिस्किटाचा पुडा घरात येत नव्हता, हे तिला सांगितल्यावर तिने विचार करून मान डोलावली. तिच्या मिश्रीबद्दल मात्र मी बोलायचं टाळलं. भाजलेली तंबाखू ती. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण आजीच्या डबीवर कोण बंदी घालणार?

मॅडमनी ओवीच्या दातांना त्या दिवशी फ्लोराइडचं वार्निश लावलं. त्यात फ्लोराइड २२,६०० पीपीएम, पण थेंबभरच, आणि ते दातालाच चिकटून राहतं. १००० पीपीएमची साधी पेस्ट लिहून दिली, जी आम्ही मोठी माणसं वापरत होतो तीच निघाली! पेस्ट बदलणं सोपं होतं. बाटली सुटायला दीड महिना लागला. पहिले आठ दिवस घरात कुणी झोपलं नाही, दाजी तर ऑफिसात डुलक्या काढत होते. मग दुधात रोज थोडं पाणी वाढवत नेलं आणि एक दिवस ओवीनेच "हे घाण लागतं" म्हणून बाटली फेकून दिली.

मे महिन्यात परत गेलो तेव्हा मॅडमनी पुन्हा नळीने दात कोरडे केले. बाजूच्या दातावरचा नवीन पट्टा गेला होता. उजव्या दातावरचा पांढरेपणा अजून दिसतो, पण आधी तो खडूसारखा निस्तेज होता, आता चकचकीत झालाय. म्हणजे वरचा थर पुन्हा टणक झाला, डागाचा रंग मात्र राहील. डाव्या दातावर हिरडीजवळ मोहरीएवढा खड्डा पडलाच होता. तिथे उशीर झाला होता. तो भरताना ओवी रडली आणि माझं बोट घट्ट धरून ठेवलं. मी छताकडे बघत होतो. कुणी काही बोललं नाही, ताईसुद्धा नाही.

काल रात्री ताईचा फोन आला. "अरे, मेडिकलवाल्याने दुसरीच ट्यूब दिलीय. हिच्यावर हत्ती आहे."

"मागे काय लिहिलंय ते वाच."

"थांब, चष्मा आणते."